दोन नमुने, दोन हात

लीड्स शहरात आज जी माणसं हिंडताफिरताना दिसतात, त्यांतली निदान अर्धी आमच्या रक्तपेढीतल्या बाईंच्या संशयी स्वभावामुळे जिवंत आहेत. आणि उरलेली अर्धी, बाईंच्या मते, जिवंत असली तरी संशयास्पद आहेत. हे मी गमतीनं म्हणत नाही. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या एका मोठ्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी एका सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "रक्त हवं असेल तर आधी मॅडमना पटवावं लागतं. देवाला पटवणं सोपं." रक्तपेढी तळघरात होती. वाफेचे पाइप डोक्यावरून गेलेले, वाट वाकडीतिकडी, आणि शेवटी एक दार. दाराला एक छोटी खिडकी, खिडकीला आतून पडदा. आपण टकटक केलं की पडदा दोन बोटं सरकायचा आणि एक तपकिरी डोळा दिसायचा. दुसरा डोळा बाई राखून ठेवत असाव्यात. आत गेल्यावर कळायचं, की एवढा दरारा असलेली ही बाई जेमतेम माझ्या खांद्याला लागते. पांढरा कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि गळ्यात दोन चष्मे. एक वाचायला आणि दुसरा वाचलेलं पुन्हा वाचायला.

बाई मूळच्या अल्जीरियातल्या, कॉन्स्टंटीन नावाच्या गावच्या. गाव म्हणजे एका खोल दरीच्या काठावर बसलेलं शहर. इकडून तिकडे जायला पूल. "लहानपणापासून मी पुलावर पाऊल टाकायच्या आधी तो आहे का ते बघते," त्या म्हणायच्या. शिकल्या मार्सेलला, आणि नोकरीला आल्या लीड्सला. मी एकदा विचारलं, फ्रान्स सोडून इकडे का? म्हणाल्या, "फ्रेंचांचा संशय यायला लागला." मग इंग्रजांचा? "तो इथे उतरल्यावर आला. तोवर सामान उघडलं होतं." लग्न केलं नव्हतं. एकानं विचारलं होतं म्हणे. त्यानं आपलं वय तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा तेच सांगितलं, म्हणून बाईंना वाटलं, पाठ करून आला असणार.

आमची पहिली गाठ पडली ती माझ्या चुकीमुळे, आणि ती चूकही अशी, की ती आपल्याच माणसाच्या हातून व्हावी. दुपारच्या ऑपरेशनसाठी मी एका बाईचं रक्त काढलं, घाईघाईत ट्यूबवर जन्मतारीख लिहिली आणि खाली पाठवली. अर्ध्या तासात फोन. मी उचलला, हॅलो म्हटलं. पलीकडे नुसता श्वास. पुन्हा हॅलो म्हटलं. मग आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मॅडम, फोन तुम्ही केलात."

"हो. पण उचलला कुणी, ते मला कसं कळणार?"

मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, वॉर्ड सांगितला. मग बाई म्हणाल्या, "तुमचा पेशंट बेचाळीस सालचा आहे की ब्याऐंशीचा? ब्याऐंशीचा असेल तर तो दोन वर्षांचा आहे, आणि तुम्ही दोन वर्षांच्या बाळाचं पित्ताशय काढताय. खाली या."

खाली गेले तर माझी ट्यूब एका स्टँडमध्ये एकटीच उभी. आरोपीसारखी. हाताच्या सवयीनं मी इंग्रजी आकड्यांत एक मराठी चार घुसवला होता. बाई दुसरा चष्मा लावून म्हणाल्या, "डॉक्टर, हा आठ आहे. त्याची टोपी उडालीय."

"तो आमच्या मराठीतला चार आहे, मॅडम."

"चाराला एवढं पोट?" मग माझ्याकडून त्यांनी सगळे दहा आकडे कागदावर लिहून घेतले. आपला एक त्यांच्या नवासारखा दिसतो हे कळल्यावर त्या खुर्चीत बसल्याच. "आम्हाला शाळेत शिकवलं होतं, आकडे आमच्या लोकांनी हिंदुस्थानातून आणले. मला तेव्हाच शंका आली होती, की खरे तुम्ही स्वतःकडे ठेवले असणार." तो कागद त्यांनी भिंतीवर चिकटवला आणि वर लाल शाईनं लिहिलं, 'संशयित'. मला मात्र रक्त पुन्हा काढावं लागलं. ट्यूब त्यांनी माझ्यादेखत टाकली, आणि चिठ्ठीवर तो प्रसिद्ध शिक्का मारला: 'नमुना नाकारला. पुन्हा पाठवा.' या शिक्क्याला आमच्या इस्पितळातले नावाजलेले सर्जन घाबरत. एकानं चिडून विचारलं होतं, "बाई, तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही का?" बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुमच्यावर आहे. तुमच्या हातावर नाही. तुम्ही स्वतः तरी ठेवता का? टाके घालायच्या आधी कापसाचे बोळे मोजता की नाही?" त्यानंतर तो सर्जन नावं ठळक अक्षरांत लिहायला लागला.

कुणाला वाटेल, कामापुरता संशय ठीक आहे. पण बाई घरी जाताना तो कोटाबरोबर खुंटीला अडकवून जात नसत. आमच्या यॉर्कशर परगण्यात बसचा कंडक्टर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला 'लव्ह' म्हणतो. "तिकीट, लव्ह." बाई वीस वर्षं त्याच बसनं येत होत्या आणि वीस वर्षं त्यांना प्रश्न पडला होता, की या माणसाला माझं नाव माहीत नाही, मग प्रेम कशाच्या आधारावर? इंग्रज माणूस धक्का लागायच्या आधीच सॉरी म्हणतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "आधी माफी मागतो. म्हणजे काहीतरी ठरवून आलाय." टीव्हीवरचा हवामानवाला ज्या दिवशी हसून बोलला, त्या दिवशी त्या छत्री घेत. गंभीर दिसला तरी घेत. शेजारी कुंपणावरून म्हणाला, आज दिवस छान आहे, की त्या आत जाऊन खिडकीतून खात्री करून घेत आणि मग बाहेर येऊन म्हणत, "हो, आहे." दूधवाल्यानं ठेवलेली बाटली त्या उजेडात धरून पाहत. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा असायचा, अकरा किल्ल्या. त्यांतली एक कशाचीच नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "चोराला काम नको का?"

पहिल्या दिवाळीला मी त्यांना बेसनाचे लाडू नेऊन दिले. आपण भाबडी माणसं, वाटलं, बाई विरघळतील. बाईंनी डबा उघडला, लाडू मोजले, डब्यावर तारीख, वेळ आणि माझं नाव लिहिलेलं लेबल लावलं आणि तो फ्रिजमध्ये ठेवला. दोन दिवस निरीक्षणाखाली. मग त्यांतला एक लाडू त्याच सर्जनला मोठ्या प्रेमानं पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ऑपरेशन करताना दिसल्यावर उरलेले सगळे बाईंनी एका बैठकीत खाल्ले, आणि मला फोन करून, माझी ओळख नीट पटवून घेऊन, म्हणाल्या, "चांगले होते. का दिलेत?"

पण या बाईंचं एक स्वप्न होतं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्या राजरोस बोलायच्या. त्यांना रक्तपेढीचं प्रमुख व्हायचं होतं. पगारासाठी नाही, दारावरच्या पाटीसाठीही नाही. त्यांना एक नियम करायचा होता. एकच. पेशंटचा रक्तगट एका नमुन्यावर ठरवायचा नाही. दोन नमुने घ्यायचे, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी. दोन्ही जुळले तरच रक्त द्यायचं. "एका माणसानं दोन ट्यूब भरल्या तर ती एकच ट्यूब झाली," त्या टेबलावर बोट आपटून सांगायच्या. "चूक करणारा हात एक, तर चूक दोन्हीकडे एक. दोन नमुने, दोन हात!" रक्तपेढीचे चीफ म्हणजे एक गोरे, गुलाबी, सज्जन गृहस्थ होते. ते अकरा वर्षं हे ऐकत होते. अकरा वर्षं ते म्हणत, "कल्पना उत्तम आहे," आणि बाई अकरा वर्षं डेप्युटी होत्या. इंग्रज माणूस उत्तम म्हणतो तेव्हा दार बंद होतं, हे मलासुद्धा तोवर कळायला लागलं होतं. चीफ दोन वर्षांनी पासष्टचे होऊन निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर बाईच, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. म्हणजे, बाई सोडून.

याच सुमारास मला तळघरात बोलावणं आलं. गेले, तर बाईंनी दार लावून घेतलं, किल्ली फिरवली आणि टेबलावर पाच चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडल्या. नोकरीला लागताना आम्हा सगळ्यांचं रक्त तपासायला जायचं, त्या वेळच्या चिठ्ठ्या. "डॉक्टर," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "या इस्पितळात पाच भारतीय डॉक्टर आहेत. पाचांतल्या तिघांचा जन्म एक जूनचा. तुमचा एक जून. तुमच्या नवऱ्याचाही एक जून. हे पासपोर्ट कुठे छापले?"

मला एवढं हसू आलं, की स्टूलवरून पडायची वेळ आली. बाई हसल्या नाहीत. त्या पेन उघडून बसल्या होत्या. मग मी त्यांना आमच्या गावच्या शाळेची गोष्ट सांगितली. शाळा जूनमध्ये उघडते. वडील मुलीचं बोट धरून नेतात. हेडमास्तर विचारतात, जन्म कधीचा? वडील सांगतात, गौरी जेवल्या त्या दिवशी. हेडमास्तर म्हणतात, तसं धरलं तर यंदा बसत नाही, तीन महिने कमी पडतात. वर्ष फुकट घालवायचं का पोरीचं? आणि रजिस्टरात एक जून लिहून मोकळे होतात. माझ्या वर्गात एक जूनची एकोणीस मुलं होती. आमच्या ह्यांच्या वर्गात तर हेडमास्तर सोडून सगळे.

"आणि तो हेडमास्तर तुरुंगात गेला?"

"नाही, मॅडम. त्यांना आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली."

"म्हणजे तुम्ही कागदावर तीन महिन्यांनी मोठ्या आहात. आणि गेली तीस वर्षं खोटी तारीख लिहिताय. माझ्या ट्यूबवरसुद्धा."

मी मान डोलावली. आता शिक्का कपाळावरच बसतो की काय असं वाटलं. पण बाईंनी पेनाचं टोपण लावलं, उठल्या, आणि स्पिरिटच्या दिव्यावर कॉफी करायला ठेवली. बाईंनी कुणाला कॉफी दिल्याचं इस्पितळाच्या आठवणीत नव्हतं. आता मला संशय यायला लागला. कप हातात घेतला, पण त्यांनी आधी घोट घेईपर्यंत मी थांबले. ते त्यांना फार आवडलं असावं. पहिल्यांदाच त्या मला 'तू' म्हणताहेत असा भास झाला. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण आवाजात कळतं.

"तुझे तीन महिने," त्या म्हणाल्या. "माझी तीन वर्षं."

बाईंच्या आधी घरात एक मुलगी झाली होती. तिचा जन्म वडिलांनी कचेरीत जाऊन फ्रेंच कारकुनाकडे नोंदवला होता, कागद घरी आणला होता. ती दीड वर्षाची असताना तापानं गेली. ती गेल्याचं सांगायला वडील कचेरीत गेले नाहीत. जमलं नाही त्यांना. पुढे बाई झाल्या, तेव्हा आजी म्हणाली, कागद आहे की घरात, नवा कशाला? तोच कागद बाईंना लागला, आणि कागदावरचं नावही. "शाळेत मी सगळ्यांत लहान. मास्तरणीला वाटायचं, या मुलीची वाढच होत नाही. मला फळ्याशी उभं करायला खोका ठेवायचे. घरात मात्र मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. सगळे 'छोटी' म्हणायचे. आई तर ते नाव कधीच घ्यायची नाही. कुणी पाहुण्यानं चुकून घेतलं, तर आई मान वळवून दाराकडे बघायची."

या लेखात मी बाईंचं नाव लिहिलेलं नाही, ते का, हे वाचकांच्या आता लक्षात आलं असेल. ते बाईंचं नव्हतंच.

मग त्यांनी खणातून एक पत्र काढून पुढे केलं. पर्सोनेल ऑफिसचं. येत्या मार्चमध्ये आपण साठ वर्षं पूर्ण करत आहात, आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार, वगैरे. त्या काळी आमच्याकडे पुरुष पासष्टला जात आणि बायका साठला. बायका लवकर दमतात असा समज असावा. कागदाप्रमाणे बाई साठच्या होत होत्या. खऱ्या होत्या सत्तावन्नच्या. त्यांनी बोटांवर हिशोब करून दाखवला. आपली खरी तीन वर्षं मिळाली, तर चीफ दोन वर्षांनी जातील आणि तिसरं वर्ष माझं. "एक वर्ष. एका नियमाला एक वर्ष पुरतं. पण मार्चमध्ये गेले, तर नियम माझ्याबरोबर बसमध्ये बसून घरी जाईल."

आता तुम्हीच सांगा, असल्या कामात मराठी माणूस मागे हटेल का? नाव बदलणं, तारीख बदलणं, वडिलांच्या नावातली वेलांटी दुरुस्त करणं यांत आपल्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या आहेत. मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी सांधेतज्ज्ञाच्या थाटात सुचवलं, "हाडांचा एक्सरे काढू, वय कळेल."

"अहो, पंचवीसनंतर हाडं काय सांगणार? तुमची बघून कुणी सांगेल का, की तुम्ही अजून मोजे शोधायला मला हाक मारता?"

"मग ॲफिडेव्हिट," हे म्हणाले, आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

ॲफिडेव्हिटच! बाईंची एक मावशी कॉन्स्टंटीनला अजून होती. नव्वदीच्या घरातली, पण बोलण्याची शुद्ध होती. बाईंच्या मामेभावाला मी स्वतः फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं आणि ते बाईंकडून तपासून घेतलं. त्यांत त्यांनी अकरा चुका काढल्या आणि एक वाक्य संशयास्पद म्हणून गाळलं. ते वाक्य होतं, 'आम्हाला तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.' मग आम्ही वाट बघत बसलो. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. बाई रोज दुपारी टपालाच्या वेळेला तळघरातून वर यायच्या, आणि कुणी बघितलं तर भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे का ते बघायला आलेय असं सांगायच्या. फेब्रुवारीच्या मध्याला जाड पाकीट आलं. चार पानं, सहा शिक्के, मावशीचा अंगठा, आणि एका म्हाताऱ्या शेजाऱ्याची सही. दोघांनी शपथेवर सांगितलं होतं, की मोठी मुलगी वारली, ही तिच्या जन्मानंतर तीन वर्षांनी झाली, त्या हिवाळ्यात पुलावर बर्फ साचलं होतं. मी ते पाकीट घेऊन जवळजवळ नाचतच पर्सोनेल ऑफिसमध्ये गेले. बाई माझ्यामागे सावकाश, भिंतीकडेनं.

पर्सोनेलची बाई भली होती. भाषांतर वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "एवढे शिक्के आमच्याकडेसुद्धा नसतात. माझ्या बाजूनं काही अडचण नाही. नोंद दुरुस्त करू, जुनी तारीख रद्द करू. हा कागद खरा आहे असं तुम्ही खाली सही करून द्या, मॅडम. बस. तुमचा शब्द आम्हाला पुरे."

बाईंनी विचारलं, "माझा शब्द का पुरे?"

"कारण मॅडम," ती हसून म्हणाली, "या इस्पितळात खोटा कागद तुमच्या हातून सुटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

बाई म्हणाल्या, उद्या देते. पाकीट छातीशी धरून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तळघरात गेले. टेबलावर चार पानं शेजारी शेजारी मांडलेली, वर दिवा ओढलेला. बाईंच्या डोळ्यांवर दोन्ही चष्मे होते, एकावर एक. "ये," त्या म्हणाल्या. "तूच बघ. मावशी म्हणते, पुलावर बर्फ साचलं होतं. शेजारी म्हणतो, पुलावर बर्फ साचलं होतं. शब्द तेच. क्रम तोच. स्वल्पविराम त्याच जागी. अक्षर माझ्या मामेभावाचं. त्यानं दोघांना एका खोलीत बसवलं, एकदा विचारलं आणि दोनदा लिहिलं. आणि हा शेजारी त्या हिवाळ्यात चार वर्षांचा होता."

"मॅडम, पण ते खरं आहे ना?"

"खरं असेल. रक्तसुद्धा बहुतेक वेळा बरोबरच असतं."

मी भांडले. कधी नव्हे एवढी भांडले. म्हटलं, तुमच्या स्वतःच्या सत्तावन्न वर्षांना काही किंमत नाही का? म्हटलं, तुमच्या नियमानं उद्या किती जीव वाचतील, त्यासाठी एक सही करा. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी त्या खुर्चीत बसणार आणि लोकांना सांगणार, दोन नमुने, दोन हात. आणि खुर्चीत कशी आले? एका हातानं घेतलेल्या दोन नमुन्यांवर." त्यांनी खण उघडला. शिक्का काढला. मी त्यांचा हात धरायला गेले, पण भूल देणाऱ्या बाईपेक्षा रक्तपेढीवालीचा हात चपळ. चारही पानांवर, एकेक करून, नीट खाली उजव्या कोपऱ्यात: 'नमुना नाकारला. पुन्हा पाठवा.'

पुन्हा मागवायला वेळ कुठला? तीन आठवडे राहिले होते. तरी मी दुसऱ्या रस्त्यानं पत्र पाठवलं, वेगळ्या नातेवाइकाला. त्याचं उत्तर मे महिन्यात आलं, की मावशी मार्चमध्येच गेली.

पण वाचकहो, इतकी वर्षं त्या बाईंच्या सहवासात काढल्यावर माझ्याही अंगात थोडा संशय मुरला आहे. मला राहून राहून वाटतं, ते स्वल्पविराम हे निमित्त असावं. बाईंना पर्सोनेलच्या त्या भल्या बाईचं एक वाक्य बोचलं असावं, 'जुनी तारीख रद्द करू.' कागदावर ती मोठी मुलगी मेलीच नव्हती. ती शाळेत गेली होती, मार्सेलला शिकली होती, लीड्सला येऊन डेप्युटी झाली होती, वीस वर्षं बसनं जात होती. तिची तारीख रद्द केली, की दीड वर्षाची होऊन ती संपणार. मी हे बाईंना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पुरावा मागितला असता, आणि माझ्याकडे आहे तो एकच, तोही माझ्याच डोळ्यांनी पाहिलेला. म्हणजे त्यांच्या हिशेबानं अजिबात ग्राह्य नाही. तरी सांगते.

मार्चमध्ये वरच्या कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. चीफ बोलले, उत्तम हा शब्द सहा वेळा आला. सर्जनचे डोळे पाणावले होते. सिस्टरांनी मोठा केक आणला होता, त्यावर साखरेत साठचा आकडा आणि खाली ते नाव, ठळक अक्षरांत. मेणबत्त्या पेटल्या आणि सगळ्यांनी वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. मी बाईंकडे बघत होते. आता या मेणबत्त्या मोजतील, साखर तपासतील. बाई केकपासून एक पाऊल मागे सरल्या. म्हणजे केकच्या समोरची जागा मोकळी झाली. त्यांनी दोन्ही चष्मे काढले आणि टाळ्या वाजवायला लागल्या. आणि गाण्यात ते नाव आलं, तेव्हा त्याही आमच्याबरोबर गात होत्या, चांगल्या मोठ्यानं, त्या मोकळ्या जागेकडे बघून.